सर्व्हरचा मदरबोर्ड सुरू होत नाही. तो नक्की कुठे थांबलाय?

"सर्व्हर सुरूच होत नाहीये" असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सुरू होत नाही म्हणजे नेमकं काय होतं? बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही? पंखे एकदा फिरून लगेच थांबतात? पंखे फिरत राहतात पण स्क्रीन काळीच? की लोगो येतो आणि गाडी तिथेच अडते? या चारही तक्रारींची कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या. पण बऱ्याच ऑफिसांत हे न विचारताच आधी रॅम काढून लावली जाते, मग पॉवर सप्लाय बदलतात, मग प्रोसेसर उचकटतात, आणि या उचकटाउचकटीत सॉकेटची, म्हणजे प्रोसेसरच्या बैठकीची, पिन वाकली की चांगला बोर्ड खरोखरच निकामी होतो.

सर्व्हरचा बोर्ड ठरलेल्या क्रमाने जागा होतो आणि प्रत्येक पायरीवर काही ना काही खूण सोडतो. घरच्या कॉम्प्युटरपेक्षा तो कितीतरी जास्त माहिती देतो. म्हणून सुटे भाग बदलण्याआधी तो कोणत्या पायरीवर थांबलाय हे शोधायचं.

बटण दाबायच्या आधी

सर्व्हरला मेनची केबल लावली की बटण न दाबताही त्यात एक छोटा कॉम्प्युटर चालू होतो. त्याचं नाव बीएमसी, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. इमारतीत सगळे झोपलेले असताना एक वॉचमन जागा असावा, तसं याचं काम. बऱ्याच बोर्डांवर ही चिप ॲस्पीड कंपनीची असते; तिच्यात स्वतःचा एआरएम प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते आणि बहुतेक वेळा लिनक्सवर चालणारं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर, असतं. तापमान, व्होल्टेज, पंख्यांचा वेग हे सगळं ती पाहते आणि नोंदवून ठेवते. तिच्याशी बोलायची आयपीएमआय ही पद्धत इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आणली. डेलच्या मशिनवर हेच काम आयड्रॅक करतं, एचपीईच्या मशिनवर आयएलओ.

या चिपला चालायला लागते ती स्टँडबाय वीज. नेहमीच्या एटीएक्स पॉवर सप्लायमध्ये ती जांभळ्या वायरवर मिळते, ५ व्होल्ट. त्यामुळे पहिली तपासणी अगदी सोपी : केबल लावा, बटणाला हात लावू नका, बोर्डवरचा स्टँडबायचा दिवा लागतो का पाहा. नसेल लागत तर प्रश्न भिंतीतला प्लग, यूपीएस, केबल, पॉवर सप्लाय किंवा बोर्डवरचं शॉर्ट सर्किट यांतला आहे. रॅमचा आणि प्रोसेसरचा विचार करायची वेळ अजून आलेलीच नाही.

स्टँडबायचा दिवा लागला की बीएमसीचा दिवा पाहायचा. सुपरमायक्रोच्या बोर्डांवर तो हिरवा लुकलुकतो, इतरांचे संकेत त्यांच्या मॅन्युअलमध्ये असतात. इथे घाई करू नये. बीएमसी पूर्ण उठायला एक-दोन मिनिटं लागतात, आणि काही बोर्ड ती उठेपर्यंत पॉवर बटणाला दाद देत नाहीत. केबल लावल्या लावल्या बटण दाबून "बोर्ड मेला" असा निष्कर्ष काढलेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

बीएमसी स्वतःच अडकली असेल तर? सर्व्हर बंद केला तरी स्टँडबाय वीज चालूच असते, त्यामुळे अडकलेली बीएमसी बंद-चालू करून सुटत नाही. मेनची केबल काढावी लागते. दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही केबली काढायच्या. एकच काढली तर काहीच साधत नाही. मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची, चार-पाच मिनिटं थांबायचं आणि पुन्हा जोडायचं. हा उपाय इतका साधा आहे की लोक तो गंभीरपणे घेत नाहीत, पण तो सगळ्यात आधी करावा.

साक्षीदाराला विचारा

बीएमसी जागी असेल तर सर्व्हर बंद असतानाही तिच्याकडून माहिती काढता येते. तिच्या नेटवर्क पोर्टला केबल लावा, ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडा किंवा दुसऱ्या मशिनवरून आयपीएमआयटूल हा प्रोग्रॅम वापरा. पासवर्ड माहीत नसेल तर बोर्डवरचा किंवा पेटीवरचा स्टिकर शोधा. पूर्वी बऱ्याच बोर्डांना एकच ठरलेला पासवर्ड असायचा. १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा उपकरणांसाठी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड किंवा पहिल्या वापराआधी तो बदलण्याची सक्ती केली, तेव्हापासून तो स्टिकरवर छापलेला येऊ लागला.

आत गेल्यावर पाहायची ती इव्हेंट लॉग. अमुक स्लॉटमधल्या रॅममध्ये दुरुस्त न होणारी चूक, तमुक व्होल्टेज मर्यादेखाली, पॉवर सप्लायचा इनपुट गेला, प्रोसेसरने गंभीर बिघाड कळवला, असं सगळं तिथे लिहिलेलं असतं. स्लॉटचं नावसुद्धा मिळतं. नोंदींची तारीख १९७० ची दिसली तर घाबरू नका. घड्याळाची वेळ हरवली की मोजणी तिथून सुरू होते. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपल्याची ती खूण असू शकते, तो बदलून टाका.

बीएमसीमधूनच पॉवर ऑनचा हुकूम देऊन पाहायचा. त्याने सर्व्हर सुरू झाला आणि पुढच्या बटणाने होत नसेल, तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. बोर्डवरच्या पॉवरच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडूनही हीच खात्री करता येते.

बटण दाबल्यावर वीज कुठवर पोचते

बटण दाबलं की बोर्ड हिरव्या वायरवरून पॉवर सप्लायला जागं करतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्ट सुरू होतात, आणि ते स्थिर झाले की पॉवर सप्लाय करड्या वायरवरून "वीज ठीक आहे" असा इशारा देतो. हा इशारा आल्याशिवाय बोर्ड प्रोसेसरला कामाला लावत नाही. मल्टिमीटर असेल तर मोजा : १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान. (डेल, एचपीई यांच्या बऱ्याच मशिनमध्ये कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असतात आणि पॉवर सप्लाय फक्त १२ व्होल्ट देतो. तिथे हे रंग शोधत बसू नका, बीएमसीमधले व्होल्टेजचे आकडे वाचा.)

पंखे क्षणभर फिरून थांबत असतील तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे आणि पॉवर सप्लाय स्वतःला वाचवतोय. यामागचं एक कारण फार साधं असतं. बऱ्याच सर्व्हर बोर्डांचा आकार मोठा, त्यांची स्क्रूची भोकं घरच्या बोर्डांपेक्षा वेगळ्या जागी. कॅबिनेटमध्ये आधीच्या बोर्डसाठी बसवलेला एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्डला आधार देणारा छोटा खांब) नव्या बोर्डच्या खाली भलत्याच जागी राहतो आणि मागच्या सोल्डरला टेकतो. बोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवून पाहा. बाहेर चालतो, आत चालत नाही, तर दोष सापडला.

प्रोसेसरला वेगळी आठ पिनांची १२ व्होल्टची केबल लागते. दोन प्रोसेसरच्या बोर्डवर दोन असतात आणि बऱ्याच बोर्डांना दोन्ही लावाव्या लागतात. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. खाचा वेगळ्या असल्याने ती सहज बसत नाही. बसत नाही म्हणून कोणी जोर लावला तर बोर्ड जळतो. मॉड्युलर पॉवर सप्लायच्या केबली एका कंपनीच्या दुसरीला लावणंही तितकंच घातक. पॉवर सप्लायच्या बाजूची जोडणी प्रत्येकाची वेगळी असते आणि त्याला कसलाही सामायिक नियम नाही.

प्रोसेसर आणि त्याची बैठक

सर्व्हरच्या सॉकेटमध्ये हजारो नाजूक पिना असतात. इंटेलच्या एका पिढीच्या सॉकेटच्या नावातच ३६४७ हा आकडा आहे, एएमडीच्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरच्या एसपी३ सॉकेटमध्ये ४०९४ जोडण्या. यातली एक वाकली तरी बोर्ड पूर्ण बंद पडेलच असं नाही; कधी फक्त एका चॅनेलची (प्रोसेसर ते रॅम या एका मार्गावरची) रॅम दिसेनाशी होते. मोबाइलच्या टॉर्चचा तिरपा उजेड टाकून, भिंग घेऊन पिनांच्या रांगा पाहायच्या. रांगेत कुठेही चमक तुटली तर तिथे पिन वाकलेली असते.

एपिकमध्ये स्क्रू घट्ट करण्याचा क्रम झाकणावरच छापलेला असतो : १, २, ३. जोरही ठरलेला, सुमारे दीड न्यूटन-मीटर. हे शोभेचे आकडे नाहीत. दाब कमी-जास्त झाला की काही जोडण्या टेकत नाहीत, आणि माणूस निष्कारण रॅम बदलत बसतो. अर्धी रॅम गायब असेल तर मी तरी आधी प्रोसेसर काढून, सॉकेट पाहून, पुन्हा नीट बसवतो.

दोन प्रोसेसरच्या बोर्डवर एकच लावायचा असेल तर तो पहिल्या क्रमांकाच्या सॉकेटमध्येच लावावा. आणि प्रोसेसर बसला म्हणजे तो चालेलच असंही नाही. इंटेलच्या झिऑन ई५-२६०० चा व्ही३ आणि व्ही४ एकाच सॉकेटमध्ये बसतात, पण २०१४ च्या बोर्डवर जुनी बायॉस (मशिन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) असेल तर २०१६ चा व्ही४ तिला ओळखताच येत नाही. पंखे फिरतात, स्क्रीन काळी राहते, दोष कुठेच दिसत नाही.

लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन जुना एपिक घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विक्रेत्याला जरूर विचारावी. काही मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये पहिल्यांदा सुरू होताना प्रोसेसरच्या आतले फ्यूज कायमचे जाळले जातात, आणि तो प्रोसेसर त्यानंतर त्याच कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरवर चालतो. सुरक्षेसाठी केलेली ही सोय आहे, पण तसा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर कधीच सुरू होत नाही, आणि हे उलटवायचा काही मार्ग नाही. विकत घेण्याआधी तो कुठल्या मशिनमधून निघाला हे कळलं पाहिजे.

रॅम, आणि थांबण्याची सवय

सुरू न होणाऱ्या सर्व्हरमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे. सर्व्हरची रॅम अनेक जातींची : आरडिम, एलआरडिम, ईसीसी (चुका दुरुस्त करायची सोय) असलेली यूडिम. डीडीआर४ या पिढीत त्या एकाच खाचेत बसतात (डीडीआर५ मध्ये आरडिम आणि यूडिमची खाच वेगळी असते), पण एका बोर्डवर त्यांची सरमिसळ चालत नाही, आणि प्रत्येक बोर्ड प्रत्येक जात घेत नाही. स्टिकरवर "आर" आहे की "यू" एवढं एक अक्षर नीट वाचलं तरी बरीच धावपळ वाचते. कोणत्या स्लॉटपासून भरायला सुरुवात करायची तेही ठरलेलं असतं. रंगावरून अंदाज बांधू नका, मॅन्युअलमधला तक्ता पाहा.

आता थांबण्याविषयी. बोर्ड सुरू होताना प्रत्येक रॅमच्या प्रत्येक तारेवरचा सिग्नल किती सूक्ष्म अंतराने येतो हे मोजून जुळवून घेतो. याला ट्रेनिंग म्हणतात. रॅम जितकी जास्त आणि चॅनेल जितके जास्त, तितका वेळ जास्त. डीडीआर५ च्या मोठ्या बोर्डवर पहिल्यांदा सुरू करताना, किंवा बायॉसची सेटिंग्ज पुसल्यानंतर, पाच-दहा मिनिटंसुद्धा स्क्रीन काळी राहू शकते. एपिकमध्ये तर हे काम मुख्य प्रोसेसर जागा व्हायच्या आधी, त्याच्या आतला एक छोटा एआरएम प्रोसेसर करतो, त्यामुळे बाहेरून काही चाललंय असं वाटतच नाही. दोन मिनिटांनी धीर सुटून वीज तोडली की ट्रेनिंग पहिल्यापासून. पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा वीज तोडली. उत्तम चालणारा बोर्ड या फेऱ्यात दिवसभर "मेलेला" राहतो. काळ्या स्क्रीनसमोर किमान पंधरा मिनिटं हात बांधून बसा, मग बोला.

एवढं करूनही उठला नाही तर कमीत कमी सामानावर या : एक प्रोसेसर, त्याचा हीटसिंक, मॅन्युअलने सांगितलेल्या स्लॉटमध्ये एकच रॅम. डिस्क नाही, कार्ड नाही, यूएसबी नाही. चालला की एकेक वस्तू वाढवत जायचं. चालला नाही तर रॅम बदलून, मग स्लॉट बदलून पाहायचं. दोन्ही एकदम बदललं तर काहीच कळत नाही.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बराच काळ पडून राहिलेल्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. आपल्याकडे खोडरबर घासायची जुनी पद्धत आहे. त्याने तात्पुरतं काम होतं, पण सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा, पूर्ण वाळू द्या.

दोन अंकी कोड

बऱ्याच सर्व्हर बोर्डांवर दोन अंकांचा छोटा डिस्प्ले असतो, नाहीतर तोच कोड बीएमसीच्या पानावर दिसतो. बायॉस प्रत्येक पायरीला हा आकडा बदलते. तो बदलत राहिला तर काम चालू आहे. एका आकड्यावर बराच वेळ थांबला तर अडचण तिथे. एएमआय कंपनीच्या बायॉसमध्ये ५५ म्हणजे रॅम सापडली नाही. ९२ ते ९४ च्या आसपास थांबला तर पीसीआय कार्डांची मोजणी चालली आहे. रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं), नेटवर्क कार्ड, रायझर (कार्डं आडवी बसवायचा जोडभाग) काढून पाहा. डिस्प्लेवर ००च राहिला तर प्रोसेसरने बायॉसची पहिली ओळसुद्धा वाचलेली नसण्याची शक्यता मोठी. कोडचा अर्थ बोर्डागणिक थोडा बदलतो, म्हणून त्याच बोर्डचा तक्ता हाताशी ठेवा. मात्र लोगो आला आणि डिस्क सापडत नाही, एवढीच तक्रार असेल तर बोर्ड बहुधा निर्दोष आहे. बूटचा क्रम आणि यूईएफआय (नवी बूट पद्धत) की लेगसी (जुनी) हे सेटिंग तपासा.

बायॉसची सेटिंग्ज पुसायची तर आधी मेनच्या केबली काढा. काही सर्व्हर बोर्डांवर त्यासाठी जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) नसतो, फक्त दोन उघडे ठिपके असतात. ते धातूच्या टोकाने काही सेकंद जोडायचे. बायॉसच बिघडली असेल तर अनेक बोर्डांवर बीएमसीच्या पानावरून, सर्व्हर बंद असताना, नवीन बायॉस भरता येते. काही कंपन्या त्यासाठी वेगळं लायसन्स मागतात. बायॉसच्या चिपला क्लिप लावून प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने लिहिणं हा शेवटचा मार्ग, आणि त्यात चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ ची हे आधी बघणं अत्यावश्यक. चुकीच्या व्होल्टेजने चिपच जाते.

सगळं बरोबर असून न उठणारे बोर्ड

इंटेलचे ॲटम सी२००० मालिकेचे प्रोसेसर सप्टेंबर २०१३ मध्ये आले. वीज कमी खाणारे, म्हणून छोटे सर्व्हर, नेटवर्क स्टोरेजच्या पेट्या, राउटर अशा वर्षानुवर्षं चालू राहणाऱ्या उपकरणांत ते बसले. २०१७ च्या सुरुवातीला इंटेलच्या दोषांच्या यादीत एव्हीआर५४ या क्रमांकाची नोंद आली : प्रोसेसरमधून बाहेर पडणारा एलपीसी बसचा (बोर्डवरच्या इतर चिपांशी जोडणाऱ्या मार्गाचा) क्लॉक सिग्नल, म्हणजे कामाचा ठोका, काळानुसार बंद पडू शकतो, आणि तो बंद पडला की मशिन सुरू होऊ शकत नाही. त्याच सुमारास सिस्कोने आपल्या ग्राहकांना कळवलं की काही उत्पादनांतला एक क्लॉकचा भाग सुमारे १८ महिन्यांनंतर निकामी होऊ लागतो.

हा बिघाड ज्यांच्या वाट्याला आला त्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. मशिन दीड-दोन वर्षं उत्तम चाललेलं. एक दिवस अपडेटसाठी रीस्टार्ट केलं आणि ते परत आलंच नाही. व्होल्टेज बरोबर, रॅम बरोबर, सेल नवीन. कोणी रॅम बदलली, कोणी पॉवर सप्लाय; दोष सिलिकॉनमध्येच होता. प्रोसेसर बोर्डला सोल्डर केलेला, त्यामुळे बोर्डच बदलावा लागे. इंटेलने पुढे सी० या सुधारित आवृत्तीत दोष दूर केला. जुन्या बी० आवृत्तीच्या बोर्डांवर दुरुस्ती करणाऱ्यांनी क्लॉकची तार आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये सुमारे १०० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करून दुबळ्या सिग्नलला आधार दिला, आणि अनेक पेट्या त्यावर पुन्हा चालू झाल्या. डेटा काढून घेण्यापुरता हा आधार पुरेसा आहे; त्यावर पुढची पाच वर्षं विसंबू नये.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी बोर्डचं आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव घेऊन निर्मात्याची दोषांची यादी वाचावी. तुमच्या बिघाडाचं उत्तर तिथे आधीच छापलेलं असू शकतं.

बोर्ड खरंच गेला असेल तर

बोर्ड गेला म्हणजे डेटा गेला असं मुळीच नाही, पण इथून पुढची प्रत्येक हालचाल सावकाश करायची. डिस्क काढण्याआधी कोणती डिस्क कोणत्या खणात होती ते मार्करने लिहा, फोटो काढा. लिनक्सची सॉफ्टवेअर रेड किंवा झेडएफएस (डिस्कचा गट स्वतः सांभाळणारी फाइल सिस्टिम) असेल तर डिस्क दुसऱ्या मशिनमध्ये लावल्या की ओळखल्या जातात. हार्डवेअर रेड असेल तर तेच कार्ड, किंवा त्याच कुळातलं, सोबत न्यावं लागतं. नवीन कार्डाने "फॉरेन कॉन्फिगरेशन" असं विचारलं तर ते इंपोर्ट करायचं, नवी रेड बनवायची नाही. बोर्डच्या टीपीएम चिपवर (गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपवर) बेतलेलं एन्क्रिप्शन असेल तर रिकव्हरी की शिवाय नव्या बोर्डवर डिस्क उघडणार नाही. ती की आज कुठे ठेवलेली आहे हे सर्व्हर चालू असतानाच पाहून ठेवा, आणि तिची एक प्रत त्या सर्व्हरच्या बाहेर असू द्या.